मान वळवली की डोळा दुखायचा

चार वर्षं मी डोकेदुखी घेऊन डोळ्यांच्या, नाकाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांकडे हिंडलो. मानेकडे कुणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मीही दाखवली नाही. दुखत होतं उजव्या डोळ्यामागे, मग मान कशाला दाखवायची?

फोंड्यात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, पावतीपुस्तकं, देवस्थानांच्या उत्सवाची पत्रकं. राहतो बांदोड्याला. दिवसभर कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री प्रॉम्प्टिंग. गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं: आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसं मराठी नाटक करतात. घरी आम्ही कोकणी बोलतो, पण रंगमंचावर रडायचं-भांडायचं ते मराठीतच. पडदा वर जायला मध्यरात्र होते आणि भैरवीला कधी कधी कावळे ओरडायला लागलेले असतात. बावीस वर्षं मी विंगेत बसून वही वाचतोय. आमच्या मांडवात विंग म्हणजे ताडपत्री आणि ऑर्गनवाल्याची पाठ यांच्यामधली दोन हात जागा. खुर्ची वळत नाही. वही मांडीवर, मान उजवीकडे, नजर नटाच्या ओठांवर. तीन-चार तास. दुकानातही तेच, गिऱ्हाइकाचा हस्तलिखित कागद उजव्या हाताला आणि स्क्रीन समोर.

हे सगळं आज ओळीनं मांडता येतं. तेव्हा त्यातलं काहीच एकमेकांशी जोडलेलं दिसत नव्हतं.

दुखणं सुरू व्हायचं कवटीच्या मुळाशी, उजव्या बाजूला, केस जिथे संपतात तिथे. तिथून कुणीतरी चिकटपट्टी ओढत न्यावी तसं कानावरून वर चढायचं आणि डोळ्यामागे जाऊन बसायचं. ठणका नाही, नुसती ओढ. डावीकडे एकदाही गेलं नाही. स्कूटर मागे घेताना वळून पाहिलं की हमखास. सकाळी उशीवरून डोकं उचलतानाच कळायचं आज दिवस कसा जाणार. उजवा खांदाही जड असायचा, पण खांदा कुणाचा दुखत नाही?

पहिल्यांदा चष्म्याचा नंबर बदलला. मग सायनस ठरलं, एक्स-रे झाला, वाफारे घेतले, नाकात फवारे मारले. एका डॉक्टरांनी मायग्रेन सांगून सहा महिने रोजची गोळी दिली. तिनं झोप छान लागायची आणि वजन वाढलं. दुसऱ्यांनी पित्त ठरवून आंबट बंद केलं. सोलकढी बंद! त्या डॉक्टरांना मी अजून माफ केलेलं नाही. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून तीनदा दृष्ट काढली. तिचा खर्च सगळ्यांत कमी आला आणि गुणही इतरांइतकाच.

मधल्या काळात टेबलाच्या खणात गोळ्यांची पाकिटं साठत गेली. माझ्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, फार्मसी चालवतात. आधी तेच द्यायचे, मग त्यांनीच हात आखडता घेतला. म्हणाले, “मी विकतो म्हणून तू खायलाच हवं असं नाही.” त्यांच्याच आग्रहावरून मी २०२३ च्या पावसाळ्यात पणजीतल्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो.

डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान. फाइल उघडण्याआधी म्हणाल्या, “एका बोटानं दाखवा, सुरू कुठे होतं?” चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी “कुठे दुखतं” विचारलं आणि मी डोळा दाखवला. या वेळी बोट आपसूक मानेच्या मुळाशी गेलं. त्या उठून मागे आल्या आणि अंगठ्यानं तिथेच दाबलं. दोन-तीन सेकंदांत डोळ्यामागे ओढ सुरू झाली. मी “हांगाच, हांगाच” (इथेच, इथेच) म्हणून ओरडलो ते बाहेर बसलेल्या बायकोनं ऐकलं.

मग त्यांनी मला उताणं झोपवलं, हनुवटी छातीला टेकेपर्यंत डोकं उचललं आणि तसंच दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं. डावीकडे डोकं बरंच वळलं. उजवीकडे भिंत लागल्यासारखं थांबलं. मान अशी पूर्ण वाकवली की खालचे मणके जखडले जातात आणि वळणं मुख्यतः वरच्या दोन मणक्यांवर उरतं. धडधाकट माणसाचं डोकं तेव्हाही दोन्हीकडे चाळीसेक अंश वळतं, असं त्यांनी सांगितलं. माझं उजवीकडे त्याच्या निम्मंच वळत होतं.

“कधी पडला होता का?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. बायको दारातूनच म्हणाली, “अहो, फर्मागुडीची उतरण?” २०१६ च्या जूनमध्ये पहिल्या पावसात माझी स्कूटर तिथे घसरली होती. हेल्मेट होतं, गुडघा सोलवटला, मान आठवडाभर आखडली आणि विसरून गेलो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मानेला असा हिसका बसल्यानंतर वरचे सांधे पुढे वर्षानुवर्षं कुरकुरू शकतात म्हणे.

एमआरआयमध्ये माझ्या मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती झिजलेली दिसली. मला वाटलं, सापडला चोर! डॉक्टरांनी ते कारण बाजूला सारलं. पन्नाशीत अशी झीज कितीतरी लोकांत दिसते, त्यातल्या अनेकांचं काहीही दुखत नसतं. आणि मानेतून डोकं दुखवायचं असेल तर ते काम वरच्या तीन नसांचं असतं, पाचवी-सहावीचं नव्हे. एमआरआय काढला तो दुसरं काही गंभीर नाही याची खात्री करायला. अचानक वीज कोसळावी तशी डोकेदुखी, ताप, हातापायांतली ताकद जाणं, दोन-दोन दिसणं, यांतलं काही आहे का हे त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं.

या दुखण्याला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. मानजन्य डोकेदुखी. ओटार स्यास्टाड नावाच्या नॉर्वेच्या न्यूरॉलॉजिस्टनी १९८३ साली हे नाव रूढ केलं, म्हणजे मी मराठी शाळेत असताना. मानेतलं दुखणं डोळ्यात कसं पोचतं हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजलं. चेहऱ्याची आणि कपाळाची संवेदना आणणारी नस मेंदूच्या तळातून खाली मानेपर्यंत उतरते आणि मानेच्या वरच्या तीन नसाही आपला माल तिथेच आणून टाकतात. दोन गिऱ्हाइकांचे मजकूर एकाच फोल्डरात ठेवले की शिरोड्याच्या लग्नपत्रिकेवर सावईवेऱ्याचा पत्ता छापून जातो. माझ्या हातून हे खरोखर झालंय. तसंच मेंदू मानेच्या तक्रारीवर डोळ्याचा पत्ता छापतो.

पुढे मला इंजेक्शनं घ्यावी लागली, पण तो विषय त्या दिवशी निघालाच नाही. निघाला गोळ्यांचा. महिन्यात किती दिवस घेता? मी म्हणालो, आठ-दहा. बायको म्हणाली, वीस. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या दहा दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. म्हणजे माझ्या डोक्यात आता दोन दुखणी होती, एक मानेचं आणि एक भावोजींच्या फार्मसीचं. गोळ्या तोडल्या. ते तीन आठवडे कसे गेले ते घरातल्यांना विचारा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना मी वर बघण्याऐवजी पोरांवर खेकसत होतो. पण महिनाभरानं दुखण्याची कड थोडी बोथट झाली, आणि जे उरलं ते नेमकं मानेचं आहे हे मलाच जाणवायला लागलं.

सोबत फिजिओथेरपी. हनुवटी आत ओढायची, डबल हनुवटी होईपर्यंत, आणि दहा सेकंद धरायची. मानेच्या पुढच्या, आतल्या स्नायूंना जागं करायचं. दिसायला हास्यास्पद, करायला कठीण. माझं अडायचं ते दुखण्यापाशी: व्यायाम केला की दुपारी डोकं धरायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी व्यायाम चुकवायचा. सहा आठवड्यांनी न्यूरॉलॉजिस्टनी मला पेन क्लिनिकमध्ये पाठवलं.

पेन क्लिनिक हा शब्द ऐकून मला वाटलं, आता जन्मभर दुखणार असं ठरलेल्यांना तिथे पाठवतात. तिथले डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञ. मितभाषी, हातावर हात ठेवून ऐकणारे. त्यांनी स्टिरॉइड शब्द उच्चारला आणि आमच्या घरात सभा भरली. आईच्या डोळ्यांपुढे दम्याच्या गोळ्यांनी चेहरा सुजलेली एक शेजारीण. मुलाच्या डोळ्यांपुढे जिममधली पोरं. भावोजींनी समजावलं की जिमवाल्यांचं स्टिरॉइड वेगळ्या जातीचं. हे आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बनवतात त्या कॉर्टिसोनच्या कुळातलं, सूज उतरवणारं. १९४८ मध्ये अमेरिकेत सांधे आखडलेल्या एका बाईला ते पहिल्यांदा दिलं आणि १९५० मध्ये त्यावर नोबेल मिळालं. आई म्हणाली, “नोबेल मिळालं म्हणून टोचून घ्यायचं?” मुद्दा बिनतोड होता.

माझी खरी भीती साखरेची होती. मला मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ६.८ टक्के. डॉक्टर म्हणाले, स्टिरॉइडनं काही दिवस साखर चढणार, कदाचित आठवडाभर. घरी मोजत राहा, अमुक आकड्याच्या वर गेली तर फोन करा. रक्त पातळ करणारं औषध घेतो का, कशाची ॲलर्जी आहे का, अंगात ताप किंवा कुठे पू आहे का, हेही विचारलं. आणि एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, जी मला फार आवडली: “हे इंजेक्शन काहींना महिनोन् महिने पुरतं, काहींना आठ दिवस, काहींना काहीच नाही. तुम्ही कुठल्या गटातले, ते टोचल्यावरच कळेल.”

पहिलं इंजेक्शन नोव्हेंबरात, ओपीडीतच. ऑपरेशन थिएटर नाही की उपाशी राहणं नाही. मला खुर्चीवर बसवून समोरच्या टेबलावरच्या उशीवर कपाळ टेकायला सांगितलं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. डोक्याच्या मागे मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून कानामागच्या हाडापर्यंत डॉक्टरांनी बोटानं अंतर मोजलं आणि साधारण एक-तृतीयांशावर थांबले. तिथे एक छोटी धमनी उडते, तिच्या शेजारून नस वर येते. ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह, दुसऱ्या मणक्याजवळून निघून डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना देणारी. दाबल्यावर मी कळवळलो तेव्हा ते समाधानानं “हं” म्हणाले. दुसऱ्याच्या कळवळण्यानं समाधान पावणारा हा एवढाच धंदा असावा.

स्पिरिटचा थंड बोळा. मग बारीक सुई. टोचणं काही विशेष नव्हतं, पण औषध आत जाताना टाळूपर्यंत एक कळ सरकली आणि कानामागे आवाज आल्यासारखा भास झाला, भिजलेली वाळू पायाखाली दबावी तसा. सिरिंजमध्ये दोन औषधं होती: जागा बधिर करणारं आणि स्टिरॉइड. टोचलेल्या जागी क्वचित केसांचा एखादा चट्टा जातो किंवा कातडी थोडी खचते, असं आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, मागचे केस मला तसेही दिसत नाहीत.

दहा मिनिटं बसवून ठेवलं. आधी कानामागचा भाग जड झाला, मग उजवी अर्धी टाळू माझी राहिलीच नाही. कंगवा फिरवला तर डावीकडे दात लागत होते, उजवीकडे जणू दुसऱ्याच्या डोक्यावर फिरत होता. आणि मग लक्षात आलं की डोळ्यामागे काहीच नाही. डोळ्याला कुणी हात लावला नव्हता. सुई गेली डोक्याच्या मागे, आणि डोळा रिकामा झाला. मी इतका वेळ गप्प बसलो की नर्सनं येऊन चक्कर येतेय का विचारलं.

त्या दिवशी गाडी चालवायची नव्हती, म्हणून बायको चालवत होती. जुन्या गोव्यापर्यंत मी सारखा मान वळवून मांडवी बघत होतो. नदी बघण्यात मला रस नव्हता. वळता येतंय म्हणून वळत होतो. बाणस्तारीला बाजारात थांबून भाजी घेतली. रात्री नऊच्या सुमारास टाळू परत माझी झाली, आणि तिच्या मागोमाग डोळ्यातली ओढही आली. पहिल्यापेक्षा थोडी जास्तच.

हे होणार, असं त्यांनी बजावलं होतं. बधिर करणारं औषध काही तासांचं, स्टिरॉइडला रुजायला दोन-चार दिवस ते आठवडा लागतो, आणि मधल्या काळात टोचल्याची दुखापत म्हणून दुखणं वाढूही शकतं. सांगितलेलं आठवत होतं. पण रात्री दोन वाजता आठवण असणं आणि धीर असणं या वेगळ्या गोष्टी. त्यात झोप उडाली. दुसऱ्या दिवशी गाल लालभडक, रंगपटातून उठून आल्यासारखे. एरवी उपाशीपोटी १२० च्या आसपास असणारी साखर १८५, दुपारी जेवणानंतर २६०. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आठवड्यापुरतं माझं मधुमेहाचं औषध बदलून दिलं. आईनं पेज आणि भाजी यापलीकडे ताटात काही येऊ दिलं नाही. सहाव्या दिवशी साखर ओळीवर आली.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकून उठलो, उंडे घेतले, पैसे दिले आणि घरात परत येताना थबकलो. उशीवरून डोकं उचललं तेव्हा दुखलं होतं का? आठवेना. चार वर्षांत पहिल्यांदा मला ते आठवून बघावं लागलं.

साडेपाच आठवडे मिळाले. मी त्यातले पहिले दोन वाया घालवले. बरं वाटतंय म्हटल्यावर मी एका आठवड्यात दोन नाटकांना बसलो आणि उत्सवाच्या पत्रकांची राहिलेली कामं रात्री जागून संपवली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ऐकलं आणि मला लहान मुलासारखं झापलं. दुखणं उतरलेलं असतं तेव्हाच व्यायाम करून घ्यायचे असतात, इंजेक्शन दिलंय ते त्यासाठी. हे मला आधीही सांगितलं गेलं असणार. दुखत असलेला माणूस फक्त “दुखणं जाईल” एवढंच ऐकतो.

जानेवारीत ओढ परत आली तेव्हा पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी वेगळा रस्ता धरला. नसेला झोपवून फायदा झाला, म्हणजे दुखणं मानेतून येतंय या अंदाजाला बळ मिळालं. पण मानेत नेमकं कुठून, हे त्यातून कळत नाही. त्यांचा संशय दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या उजव्या बाजूच्या छोट्या सांध्यावर होता. मानेच्या हिसक्यानंतरच्या डोकेदुखीत बहुतेक वेळा हाच सांधा सापडतो. त्याची तक्रार वर नेणारी एक बारीक नस त्याच्यावरूनच जाते. आधी फक्त त्या नसेला बधिर करून बघायचं, स्टिरॉइड नाही. दुखणं गेलं तर पत्ता बरोबर.

ती चाचणी थिएटरमध्ये झाली. डाव्या कुशीवर झोपवलं, उजवी बाजू वर. सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं एक्स-रेचं यंत्र. ते मानेभोवती फिरून थांबलं. सगळ्यांनी शिशाचे एप्रन चढवले आणि मला फक्त “हालूं नाकात” सांगितलं. पडद्यावर माझ्या मानेचं हाड आणि त्यावर टेकलेली सुई मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. औषध किती, तर अर्धा मिलिलिटर. जास्त घातलं तर शेजारच्या जागाही बधिर होतात आणि चाचणीला अर्थ राहत नाही.

उठून उभा राहिलो तर जमीन हलत होती. फेरीबोट धक्क्याला लागताना पाय टाकावा तसं. ही नस बधिर झाली की काही तास तोल जातो, मान कुठे आहे हे शरीराला नीट कळत नाही. भिंतीला धरून बाकापर्यंत आलो. मग घरी जाऊन दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते लिहायचं. मुद्दाम मान वळवायची, स्कूटर मागे घेतल्याचं नाटक करायचं. सहा, एक, एक, शून्य, एक, दोन, चार, सहा. आयुष्यात इतकी मन लावून प्रूफं तपासली नसतील.

दोन आठवड्यांनी त्याच सांध्यात स्टिरॉइड. या वेळी संमतिपत्र मी वाचलं, आणि वाचून घाबरलो. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांतून वर जाते. सुई चुकून तिच्यात गेली आणि औषध दाणेदार असलं तर ते दाणे मेंदूत जाऊन अडकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये मणक्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर असलेल्या एपिड्युरल पोकळीत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांबाबत अशाच दुर्मीळ पण गंभीर अपायांचा इशारा दिला होता. माझं इंजेक्शन त्या प्रकारचं नव्हतं, तरी मी विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, म्हणूनच आपण दाणेदार औषध वापरणार नाही, पाण्यासारखं स्वच्छ डेक्सामेथासोन वापरू. आणि आधी एक्स-रेत दिसणारं औषध थेंबभर सोडून ते कुठे पसरतं ते बघू. रक्तवाहिनीत गेलं तर क्षणात वाहून जाताना दिसेल.

पडद्यावर तो थेंब सांध्याच्या फटीत बारीक चंद्रकोरीसारखा थांबला. डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा ते “हं” आलं. औषध आत जाताना मात्र माझी नेमकी, ओळखीची डोकेदुखी पूर्ण ताकदीनं जागी झाली, मुळापासून डोळ्यापर्यंत, दहा-पंधरा सेकंद. “हीच ना?” त्यांनी विचारलं. मी हललो नाही एवढंच माझं शौर्य.

पुन्हा तोच क्रम: काही तास स्वर्ग, दोन दिवस नरक, लाल गाल, चढलेली साखर, पण या वेळी मला वेळापत्रक पाठ होतं. पाचव्या दिवसापासून दुखणं दहापैकी एकवर आलं आणि तीन महिने तिथेच राहिलं. या खेपेला मी दिवस वाया घालवले नाहीत. हनुवटी आत, दहा सेकंद, सकाळ-संध्याकाळ. दुकानातला मॉनिटर कागदाच्या दोन रिमांवर चढवला. छपाईवाल्याला याहून स्वस्त स्टँड मिळणार नाही. गिऱ्हाइकांचे कागद आता उजवीकडे नसतात, मॉनिटरच्या खाली समोरच टेकवलेले असतात. पालथं झोपणं सोडलं.

मेपासून दुखणं अधूनमधून येतं, पण पूर्वीचं नाही. महिन्यात चार-पाच दिवस. अशी इंजेक्शनं वर्षात तीन-चारच्या पुढे देत नाहीत, आणि माझी साखर बघता डॉक्टर तितकीही द्यायला राजी नाहीत. पुढचा टप्पा असा की त्या बारीक नसेला रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेनं जाळायचं. ती पुन्हा वाढते, त्यामुळे तेही कायमचं नाही, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त मिळतं. चाचणी एकदा आणखी करावी लागेल, कारण एका चाचणीवर नस जाळायला ते तयार नाहीत. मी पावसाळ्यानंतरची तारीख मागितली आहे. आई म्हणते, जाळायचंच असेल तर आधी मीठ-मिरच्या जाळून बघू.

विंग मात्र बदलली. नाट्यमंडळात यावर इतकी चर्चा झाली की नाटक निवडायलाही तेवढी होत नाही. ऑर्गन उजवीकडे सरकवला आणि मी पलीकडच्या विंगेत, म्हणजे आता मान डावीकडे वळते. त्यातही दोन प्रवेशांच्या मध्ये उठून उभं राहायचं, हे कबूल करून घेतलं आहे. पहिल्याच नाटकात आमचा नायक दुसऱ्या अंकात ऐन भांडणाच्या मध्यावर वाक्य विसरला. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं जुन्या विंगेकडे पाहिलं. तिथे फक्त ऑर्गनवाला, तोही पान जुळवत बसलेला. मी इकडून कुजबुजलो, त्यानं ऐकलं नाही. थोडं मोठ्यानं बोललो, तरी नाही. शेवटी मी वाक्य इतक्या जोरात टाकलं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि नायकानं सावकाश मान वळवून पडद्यामागच्या मला विचारलं, “तू हांगा कितें करता?”